जुन्या मारुती ८०० चे गंजून बसलेले स्क्रू न मोडता कसे सोडवावेत?

खानापूरवासी

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९९८ सालची मारुती ८०० आहे. तिची नोंदणी बेळगावची, म्हणजे केए-२२ ची असून तिचे बहुतेक आयुष्य खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पावसात गेले आहे. जांबोटी-कणकुंबीचा पट्टा ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना तिथल्या ओलीविषयी वेगळे सांगायला नको. इंजिन अजून उत्तम चालते, पत्राही दुरुस्त होण्याजोगा आहे, म्हणून ती मोडीत न काढता घरीच नीट करण्याचे आम्ही ठरवले आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यायची असल्यामुळे ब्रेकचे काम तर टाळताच येणार नाही.

काम तीन ठिकाणी अडले आहे. चालकाच्या बाजूच्या दाराचे कुलूप खांबावरच्या ज्या कड्यात अडकते, त्या स्ट्रायकरचे फुलीचे स्क्रू हलत नाहीत. त्यांपैकी एकाची फुली पूर्वी एका गॅरेजमध्ये निम्मी घासली गेली आहे. दुसरी अडचण मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरवरील हवा काढण्याच्या निपलची; तिच्यावर गंजाचा थर आहे आणि ती पोकळ असल्यामुळे जोर लावण्याचे धाडस होत नाही. तिसरी अडचण इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचे तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाची आहे. त्याचा एक बोल्ट पाना लावल्यावर किंचित फिरतो, पण फिरताना तो सुटत नसून पिळवटत आहे असे हाताला जाणवते. माझ्याकडे साधे पाने, गोट्यांचा (सॉकेटचा) संच, हातोडी आणि ड्रिल आहे. कोणती हत्यारे विकत घ्यावीत, कोणत्या क्रमाने जावे आणि कुठे थांबावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


उद्यमबागकर

आपण बोल्ट पिळवटत असल्याचे ओळखून थांबलात, हे फार चांगले झाले. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, की गंजलेला स्क्रू जोराने क्वचितच सुटतो. लोखंड गंजले की त्या गंजाला मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, आणि आट्यांच्या बारीक फटीत ती जागा नसल्यामुळे तो गंज दोन्ही बाजूंना पाचरीसारखा दाबून बसतो. आपल्याला मोडायची आहे ती ही गंजाची पकड, स्क्रू नव्हे. ती मोडण्यासाठी तेल मुरू देणे, ठोका देणे, तापवणे आणि पुढे-मागे हलवणे असे चार उपाय आहेत. नुसते पिळणे हा या चारही उपायांपेक्षा दुबळा उपाय असून आपण सगळे नेमके तिथूनच सुरुवात करतो.

प्रथम स्ट्रायकर. मारुती ८०० ची मूळ रचना सुझुकीची, म्हणजे जपानी आहे आणि जुन्या जपानी गाड्यांवरची फुली ही आपल्या बाजारातल्या फिलिप्स फुलीहून थोडी निराळी असते. तिला जेआयएस, म्हणजे जपानी मानकाची फुली म्हणतात. फिलिप्स ड्रायव्हरच्या टोकाशी, चार पाकळ्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यांना गोलाई असते. त्या गोलाईमुळे तो जपानी फुलीत तळापर्यंत बसत नाही, वरच्या वर टेकतो आणि जोर येताच उसळून बाहेर येतो. आपल्या स्क्रूची फुली गेली ती बहुधा याच कारणाने. जपानी मानकाच्या पुष्कळ स्क्रूंच्या डोक्यावर फुलीच्या बाजूला एक बारीक ठिपका असतो. डोके तारेच्या ब्रशने घासून तो आहे का ते पाहा. पुढे अनेक भाग इथेच बनू लागले आणि मधल्या काळात स्क्रू बदललेलेही असतात, त्यामुळे ठिपका दिसला नाही तर दोन्ही प्रकारचे टोक बसवून पाहावे आणि जे कमी डगमगते ते वापरावे. व्हेसल या जपानी कंपनीचे ड्रायव्हर मागवता येतात. ते मिळेपर्यंत काम थांबवायचे नसेल, तर चांगल्या पोलादाच्या फिलिप्स बिटाचे टोक ग्राइंडरवर पाऊण-एक मिलिमीटर सपाट करावे, म्हणजे ते फुलीत अधिक खोल उतरते. घासताना टोक निळे पडू देऊ नका, वारंवार पाण्यात बुडवा, नाहीतर त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरेल. स्ट्रायकरच्या स्क्रूला बहुधा ३ नंबरचे टोक लागते आणि घरोघरी असतो तो २ नंबरचा, हेही लक्षात ठेवावे.

बिट लावण्याआधी फुलीतला रंग, माती आणि ग्रीस जाड सुईने किंवा दाभणाने पूर्ण खरवडून काढावे. ही पाच मिनिटे वाचवल्यामुळे जितके स्क्रू खराब होतात, तितके गंजामुळेही होत नसावेत असे माझे मत आहे. फुली किंचित घासलेली असेल तर वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा लहानसा ठिपका टोकावर लावावा. तिच्यातल्या कणांमुळे पकड वाढते.

आता हत्यार. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर विकत घ्या. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या इम्पॅक्ट गनविषयी मी बोलत नाही. हा जाडजूड लोखंडी दांडा असतो आणि त्याच्या आत तिरकी खाच असते. मागून हातोडी बसली की टोक पुढे दाबले जाते आणि त्याच क्षणी थोडे फिरते. दाब आणि पीळ एकाच क्षणी मिळाल्यामुळे टोकाला उसळून बाहेर यायला वावच राहत नाही. शिवाय ठोक्याच्या हादऱ्याने गंजाचा थर तडकतो तो वेगळाच. वापरण्यापूर्वी तो सैल करण्याच्या दिशेला लावला आहे ना, हे हातात धरून फिरवून पाहा. स्क्रूवर बसवल्यावर आधी हाताने सैल होण्याच्या दिशेला ताणून धरा आणि मग सुमारे १ किलोच्या हातोडीने एकच सरळ, ठाम ठोका द्या. हलक्या हाताने दिलेल्या दहा ठोक्यांनी फुली खराब होते आणि स्क्रू जागेवरच राहतो. डोळ्यांवर चष्मा असावा.

स्ट्रायकरविषयी आणखी दोन सूचना. काढण्यापूर्वी त्याच्या कडेने पेन्सिलने बाह्यरेषा आखून ठेवा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. त्याच्या मागे खांबाच्या आत आट्यांची पट्टी असते आणि काही गाड्यांत ती सैल असल्याने आत पडू शकते, म्हणून सगळे स्क्रू एकदम न काढता एक काढून तो सैलसर परत लावावा आणि मगच दुसऱ्याला हात घालावा. आणि दार उतरले म्हणून स्ट्रायकर हलवणार असाल, तर आधी दार उघडून खालून उचलून पाहा. बिजागरीत खेळ असेल तर दोष तिथला आहे आणि स्ट्रायकर सरकवून तो फक्त झाकला जाईल.

निपल आणि झाकण यांविषयी रात्री लिहितो.


निपाणीकर

तेलाविषयी थोडे लिहितो, कारण त्यात गैरसमज फार आहेत. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले. ते वाईट नाही, पण आट्यांत खोल शिरण्यासाठीच बनवलेली वेगळी तेले मिळतात आणि अशा कामाला ती अधिक उपयोगी पडतात. आमच्या भागातले ट्रॅक्टरवाले डिझेल लावून रात्रभर ठेवतात आणि तेही चालते. वेळ मात्र जास्त लागतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळण्याची शिफारस पुष्कळजण करतात. हे मिश्रण आट्यांत चांगले शिरते, परंतु दोन्ही द्रव एकमेकांत विरघळत नाहीत, म्हणून दरवेळी हलवून लावावे लागते. अ‍ॅसिटोन रंग उतरवतो आणि अत्यंत ज्वालाग्राही असतो. दाराच्या खांबावर रंगलेल्या पत्र्याजवळ ते लावू नये असे मला वाटते.

कोणतेही तेल वापरले तरी ते एकदा ओतून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी लावावे, हातोडीने हलके ठोके द्यावेत, सकाळी पुन्हा लावावे आणि पुन्हा ठोकावे. ठोक्याने बारीक भेगा पडतात आणि त्यांतूनच तेल आत जाते, त्यामुळे न ठोकता नुसते तेल ओतत राहणे पुष्कळदा वाया जाते. स्क्रू उभ्या भिंतीत असल्यास त्याच्याभोवती माती किंवा मेण लावून छोटे आळे करावे, म्हणजे तेल तिथे टिकते.


बैलहोंगलचा फिटर

वरील सर्व ठीक आहे, परंतु माझ्या अनुभवात उष्णतेइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. गॅसच्या ज्योतीने आजूबाजूचा धातू तापवा, भोक मोठे होते आणि स्क्रू सुटतो. तेलाची वाट पाहत बसण्याची गरज राहत नाही.


उद्यमबागकर

फिटरसाहेबांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण या तीन जागांना ते सरसकट लागू करणे मला धोक्याचे वाटते. पोलाद एक अंश सेल्सिअस तापले की दर मीटरला सुमारे १२ मायक्रोमीटर वाढते. म्हणजे ८ मिलिमीटरचे भोक २०० अंशांनी तापवले तरी ते जेमतेम ०.०२ मिलिमीटर मोठे होईल, आणि तेवढ्या वेळात उष्णता स्क्रूतही पोहोचून तोही फुगेल. भोक मोठे झाल्याचा फायदा त्यामुळे थोडाच वेळ टिकतो. खरा फायदा तापणे आणि निवणे यांच्या चढउतारात आहे, कारण त्याने गंजाचा थर सुटा होतो. म्हणून पोलादात बसलेल्या पोलादी स्क्रूला नुसते डोक्यातून तापवून थंड होऊ दिले तरी काम होते.

दाराच्या खांबावर ज्योत वापरूच नका. तिथे रंग आहे, दाराचे रबर आहे, आतल्या दिव्याच्या बटणाची वायर आहे आणि खांबाच्या आत सीटबेल्टचा पट्टा आहे. उष्णतेने दुबळा झालेला पट्टा बाहेरून चांगला दिसू शकतो आणि अपघाताच्या वेळी तुटू शकतो. तिथे मोठ्या वॉटचे सोल्डरिंग आयर्न घ्यावे, त्याचे टोक फुलीत टेकवून स्क्रू चांगला तापू द्यावा, थंड होऊ द्यावा आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हर लावावा. कारखान्यात आट्यांना चिकटद्रव लावलेला असला तरी तो या उष्णतेने मऊ पडतो.

ज्योत वापरायची असेल तिथे आधी त्या जागेवरचे सर्व तेल पुसून काढा. निपाणीकरांनी सांगितलेले तेल आणि फिटरसाहेबांनी सांगितलेली ज्योत एकाच वेळी एकाच जागी येता कामा नयेत. ब्रेक धुण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरिनयुक्त द्रव असतो. तो तापल्यास फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून तसा फवारा मारलेल्या भागाला ज्योत किंवा वेल्डिंग कधीही लावू नये. गाडीला गॅसचे किट बसवलेले असेल, तर ती गाडी तज्ज्ञाकडेच न्यावी.


बैलहोंगलचा फिटर

सीटबेल्टचा मुद्दा मान्य आहे. मी मुख्यतः ट्रॅक्टर आणि ट्रकच्या कामाविषयी बोलत होतो, तिथे भोवती जळण्यासारखे काही नसते. एक भर घालतो. तापलेल्या बोल्टवर मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण उष्णतेच्या दिशेने आट्यांत ओढले जाते आणि बोल्ट निवला तरी आत वंगण म्हणून राहते. जिथे तेल ओघळून जाते, तिथे ही युक्ती विशेष उपयोगी पडते.


चिकोडीकर

विषयाला धरूनच एक सूचना करतो, कारण हा धागा अ‍ॅम्बॅसेडरवालेही वाचतील. अ‍ॅम्बॅसेडरचे मूळ ब्रिटिश असल्याने तिच्या जुन्या इंजिनावरचे पुष्कळ बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंची डोके १२.७ मिलिमीटरचे असते. त्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो, आणि गंजलेल्या बोल्टवर तेवढा सैलपणा कोपरे गोल करायला पुरेसा आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना चालून जातो. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, तिथे ११ चा पाना पुष्कळदा चढतच नाही. जुनी ब्रिटिश गाडी घेतलेल्याने इंची गोट्यांचा संच आधी घ्यावा, आणि गोटी बारा कोनांची नसून सहा कोनांची असावी, म्हणजे दाब कोपऱ्यांवर न पडता सपाट बाजूंवर पडतो.


उद्यमबागकर

सहा कोनांच्या गोटीचा मुद्दा निपलसाठीही तितकाच महत्त्वाचा आहे. ब्रेकची निपल काढताना नेहमीचा उघडा पाना लावू नये. तिच्यावरची रबरी टोपी काढा, भोवतालची माती ब्रशने पूर्ण झाडा आणि आट्यांच्या मुळाशी आत शिरणाऱ्या तेलाचा अगदी थोडा थेंब सोडा. तेल भरपूर ओतू नका. ब्रेक सिलिंडरच्या आतले रबर ब्रेक ऑइलशी जुळेल असे बनवलेले असते. खनिज तेल आत गेले तर ते फुगते आणि ब्रेक अडकतात. निपल पोकळ असल्यामुळे ती पिळताना चेपते व तुटते. यावर उपाय असा, की तिच्या भोकात बरोबर बसेल अशा मापाच्या ड्रिल बिटाचा गुळगुळीत दांडा आत घालावा. त्याने भिंतींना आतून आधार मिळतो. मग दांड्यावर आणि निपलच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत, सहा कोनांची गोटी चढवावी आणि आधी घट्ट करण्याच्या दिशेला केसभर, मग सैल करण्याच्या दिशेला केसभर असे हलवावे. हलली की सरळ बाहेर काढण्याची घाई करू नये. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असे करत यावे, म्हणजे सुटलेला गंज आट्यांत पुन्हा अडकत नाही.

एवढ्यानेही ती सुटली नाही, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की संपूर्ण व्हील सिलिंडर, म्हणजे ही निपल ज्यात बसते तो चाकाचा ब्रेक सिलिंडर, बदलावा. या गाडीचा व्हील सिलिंडर महाग नाही आणि इतक्या वर्षांनी त्याच्या आतही गंज असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रेकमध्ये तुटकी निपल कोरून, आटे पाडून जुगाड करण्याला मी कधीही होकार देणार नाही. तो बदलताना ब्रेकच्या लोखंडी नळीचा नट असाच अडकलेला असेल. तिथे फ्लेअर नट पाना, म्हणजे एका बाजूला फट असलेला रिंग पाना वापरावा, आणि नटाबरोबर नळी पिळली जात नाही ना यावर नजर ठेवावी.


खानापूरवासी

सर्वांचे मनापासून आभार. फुली साफ केल्यावर ठिपका स्पष्ट दिसला. जपानी बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर यांनी चांगले स्क्रू सुटले, आणि घासलेला स्क्रू पेस्ट लावून व सोल्डरिंग आयर्नने तापवून सुटला. बिजागरीतही खेळ आहे, त्यामुळे तिच्या पिना बदलायच्या आहेत. निपल हलली नाही, म्हणून व्हील सिलिंडर नवा मागवला आहे. थर्मोस्टॅटच्या झाकणाचा बोल्ट मात्र तेल, ठोके आणि मेण हे सर्व करूनही अखेर तुटला. झाकण निघाले आहे आणि खाली तुटक्या दांड्याचा साधारण ४-५ मिलिमीटर भाग वर शिल्लक आहे. आता बाजारात मिळणारा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका बोल्ट भोक पाडून आतून पकडून काढण्याचे हत्यार, आणावे का?


उद्यमबागकर

एक्स्ट्रॅक्टर आणू नका, निदान आताच नको. झाकण निघाले आणि दांडा वर शिल्लक आहे, ही चांगली स्थिती आहे.

अ‍ॅल्युमिनियममधला पोलादी बोल्ट साध्या गंजाने अडकत नाही. दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये ओल किंवा गळणारे पाणी आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याचा पांढरा भुकटीसारखा ऑक्साइड आट्यांत घट्ट भरतो. त्यावर तेलाचा परिणाम कमी होतो आणि उष्णतेचा अधिक, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते, दर मीटरला अंशामागे सुमारे २३ मायक्रोमीटर. इथे फिटरसाहेबांचा उपाय बरोबर लागू पडतो, पण भोवतीचे अ‍ॅल्युमिनियम सावकाश आणि सर्व बाजूंनी तापवायला हवे. अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. उघड्या ज्योतीऐवजी गरम हवेची गन घ्यावी. जवळच कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी आहे, म्हणून हे काम गाडीवर करायचेच नाही. बोल्ट तुटलेला भाग सोडवून टेबलावर आणावा.

शिल्लक दांड्यावर व्हाइस ग्रिप (आवळून जागीच अडकणारी पक्कड) घट्ट आवळून, भाग गरम असताना पुढे-मागे हलवून पाहावा. नाही सुटला, तर चांगल्या वेल्डरकडून त्या दांड्यावर एक नट ठेवून नटाच्या भोकातून आत वेल्ड भरून घ्यावा. वेल्डची उष्णता थेट बोल्टच्या गाभ्यात जाते आणि वर पाना लावायला नवे डोके मिळते. अ‍ॅल्युमिनियमला पोलादाचा वेल्ड धरत नाही, त्यामुळे कुशल माणसाच्या हातात हा उपाय वाटतो त्याहून सुरक्षित आहे. वेल्ड झाल्यावर लगेच पिळू नका, लाली पूर्ण जाऊन थोडे निवू द्या. कधी भाग गाडीवरच ठेवून वेल्ड करावे लागले, तर बॅटरीची ऋण तार आधी काढून ठेवावी.

एक्स्ट्रॅक्टरला माझा विरोध कशासाठी, तेही सांगतो. तो अतिशय कठीण आणि म्हणूनच ठिसूळ पोलादाचा असतो. जो बोल्ट पूर्ण जाडीचा असताना पिळून तुटला, त्याच्या पोटातल्या बारीक भोकात त्याहून बारीक हत्यार घालून तोच बोल्ट फिरेल ही अपेक्षा फारच धाडसाची आहे. तो आत तुटला की साध्या हाय-स्पीड ड्रिलने कोरला जात नाही. मग भाग सोडवून स्पार्क मशीनवर न्यावा लागतो, जिथे विजेच्या ठिणग्यांनी तो तुकडा झिजवून काढतात. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात असे काम करणारे टूलरूम आहेत ही बेळगावकरांची मोठी सोय आहे, पण तिथवर जाण्याची वेळ का आणावी?

वेल्डनेही जमले नाही, तर दांडा कानशीने सपाट करून बरोबर मध्यभागी पंच मारावा आणि लेथवाल्याकडे मिलिंग मशीनवर किंवा निदान उभ्या ड्रिलवर भोक पाडून घ्यावे. हातातल्या ड्रिलने ते हमखास मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला सरकते. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले तर उत्तम, कारण पुष्कळदा भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. बोल्ट ६ मिलिमीटरचा, १ मिलिमीटर आट्यांचा (म्हणजे दोन आट्यांतले अंतर १ मिलिमीटर) असल्यास शेवटचे भोक ५ मिलिमीटरचे आणि ८ मिलिमीटरचा, १.२५ आट्यांचा असल्यास ६.८ मिलिमीटरचे. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या स्प्रिंगसारखे नवे आटे बसवून घ्यावेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये ते मूळ आट्यांपेक्षाही मजबूत ठरतात.


खानापूरवासी

नट वेल्ड करून दांडा पहिल्याच प्रयत्नात निघाला आणि आटेही चांगले आहेत. आता परत बसवताना काय लावावे? स्टेनलेसचे बोल्ट घ्यावेत, असे काहीजण सुचवतात.


उद्यमबागकर

स्टेनलेस स्वतः गंजत नाही, परंतु अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत ते साध्या पोलादाइतकेच, किंबहुना अधिक त्रास देते, कारण झिजायचे ते अ‍ॅल्युमिनियमच झिजते. झिंकचा मुलामा असलेले साधे बोल्ट घ्या. जुने आटे टॅप (भोकात आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून साफ करा आणि आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट अडकू न देणाऱ्या, पेस्टचा पातळ थर द्या. पेस्टमुळे घर्षण कमी होते, त्यामुळे पुस्तकातल्या कोरड्या आट्यांच्या मापाने टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिला तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. म्हणून थोड्या कमी टॉर्कवर थांबावे. झाकणाचे बोल्ट आलटून पालटून आवळावेत, नाहीतर झाकण वाकून पुन्हा गळती सुरू होईल आणि तीच ओल पुन्हा आट्यांत शिरेल.

स्ट्रायकरच्या स्क्रूंना अँटी-सीझ लावू नका. दार दरवेळी आपटल्याने ते सैल होऊ शकतात आणि अपघातात दार बंद ठेवण्याचे काम त्यांचेच आहे. तिथे हत्याराने सोडवता येईल असा मध्यम ताकदीचा, निळा चिकटद्रव योग्य आहे. नव्या सिलिंडरच्या निपललाही पेस्ट नको. ती हवा काढून झाल्यावर बेताने आवळावी, तिच्या भोकातले उरलेले ब्रेक ऑइल कापडाने टिपून घ्यावे आणि रबरी टोपी न विसरता चढवावी, कारण पाणी आत जाते ते तिथूनच. मग कोणाला तरी ब्रेकचे पेडल जोराने दाबून धरायला सांगा आणि निपल व नळीचा नट यांच्याभोवती ओल येत नाही याची खात्री करूनच चाक चढवा.